ब्ल्यू-रे, फोर-के आणि ओटीटी आल्यावर जुन्या कॅसेट, सीडी, डीव्हीडी बाद होणार का? त्या भंगारात द्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कपाटात तीनेकशे व्हीसीडी-डीव्हीडी आहेत, चौदा व्हीएचएस कॅसेट आहेत आणि खिशात मावतील अशा दोन छोट्या कॅसेट आहेत. घर बदलताय, आणि नवं सगळं आलंच आहे तर हे ओझं वाहायचं कशाला, असा तुमचा प्रश्न आहे.

सांगलीत १९८८ पासून एकवीस वर्षं माझी व्हिडिओ लायब्ररी होती. ती बंद केली तेव्हापासून लोकांच्या लग्नामुंजीच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. त्यामुळे जुनं जाऊन नवं येताना गल्ल्यावर बसून पाहिलंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. जुनं बाद होतं का? होतं. भंगारात द्यावं का? निदान त्या सोळा कॅसेट तरी देऊ नका, आजच वेगळ्या काढून ठेवा.

चित्र जास्त चांगलं दिसतं म्हणून नवं येतं आणि जुनं जातं, असं सगळे धरून चालतात. माझ्या दुकानात तसं क्वचितच झालं. सोनीने बेटामॅक्स आणलं १९७५ मध्ये, जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ मध्ये. बेटाचं चित्र जरा सरस होतं असं जाणकार आजही म्हणतात. पण सुरुवातीच्या बेटा कॅसेटवर एक तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. शिवाय जेव्हीसीने ते तंत्र बाकीच्या कंपन्यांना वापरू दिलं, त्यामुळे मशिनं भराभर निघाली आणि स्वस्त झाली. मी दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाइकाच्या घरी कुणीतरी गल्फमधून आणलेला व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, असायचा, आणि तो व्हीएचएसच. तीन तासांचा हिंदी पिक्चर ई-१८० कॅसेटवर सबंध बसायचा, मध्ये उठायला लागायचं नाही.

मग व्हीसीडी आली. तिचं प्रमाण ठरलं १९९३ मध्ये. आमच्याकडे पोचेपर्यंत नव्वदचं दशक संपत आलं होतं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे चांगल्या कॅसेटहून वरचढ मुळीच नाही. मारामारी किंवा नाच सुरू झाला की पडद्यावर चौकोन-चौकोन यायचे. एका सीडीवर ७४ मिनिटं, त्यामुळे पिक्चर दोन नाहीतर तीन सीडींचा, आणि ऐन रंगात आला की उठून सीडी बदलायची. तरीही दोन-तीन वर्षांत माझ्या कॅसेटवर धूळ बसायला लागली. सीडी रिवाइंड करायला लागत नव्हती, मशीनमध्ये गुंतत नव्हती आणि छापायला अतिशय स्वस्त पडत होती. अमेरिकेत व्हीसीडी फारशी कुणाला ठाऊकही नव्हती, आशियात मात्र ती घराघरांत गेली.

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आली. आमच्या गावात साध्या माणसाच्या हातात ती आली ती त्यानंतर दहा वर्षांनी, मोजर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा. सहा रुपये जास्त दिले की चौपट ठिपके. ती पाकिटं मी किराणा दुकानात टांगलेली पाहिली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, आपला धंदा आता संपला. वीस रुपये भाडं भरून दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायला कोण येणार, चौतीस रुपयांत ती कायमची घरात राहत असताना? मी दोन वर्षं ओढलं, मग शटर खाली केलं.

ब्ल्यू-रेची गोष्ट वेगळी आहे. डीव्हीडीहून कितीतरी स्पष्ट चित्र देणारी ही डिस्क २००६ मध्ये आली, तिच्याबरोबर तशीच तोशिबाची एचडी-डीव्हीडीही आली. दोन वर्षं दोघींत रस्सीखेच चालली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीने ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि फेब्रुवारीत तोशिबाने हात वर केले. एवढं जिंकूनही ब्ल्यू-रेला डीव्हीडी हटवता आली नाही. कारण ब्ल्यू-रेच्या प्लेअरमध्ये डीव्हीडीही चालते, मग जुनी टाकायची घाई कुणाला? आणि एकवीस इंची टीव्हीवर फरक दिसतो कुठे? आपल्याकडे तिने मूळ धरायच्या आतच २०१६ साल उजाडलं. जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरमध्ये जिओ. इथेही जिंकली ती सोय. फोर-के ब्ल्यू-रे डिस्कमधून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती येऊ शकते, ओटीटीवरच्या फोर-केला साधारण १५ ते २५ मेगाबिटवर भागवायला लागतं. अंधारातला, धुराचा किंवा पावसाचा सीन दोन्हीकडे लावून बघा, फरक लगेच डोळ्यांत भरतो. पण त्या फरकासाठी लोक प्लेअर विकत घेत नाहीत. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्ल्यू-रे प्लेअर काढणं थांबवलं. ज्या नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवत धंदा उभा केला, त्यांनीही सप्टेंबर २०२३ मध्ये ते काम बंद केलं.

आता तुमच्या कपाटाकडे येऊ. कॅसेट नीट ठेवली तर तीस-पस्तीस वर्षं सहज टिकते. तिच्या आधी तिचं मशीन जातं. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि त्यानंतर नवा व्हीसीआर कुठे बनतोय असं ऐकिवात नाही. आत जो ड्रम फिरतो, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे, त्याच्यावरची फितीवरचं चित्र वाचणारी हेड झिजतात. फीत पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर कडक होतं, बेल्ट सैल पडतात. मी आज एक व्हीसीआर चालू ठेवायला तीन मोडून ठेवलेत, आणि ते तिन्ही भंगारवाल्याकडूनच आणलेले आहेत. तुमच्याकडे वडिलांचा व्हीसीआर असेल आणि त्याचा लाल दिवा लागत असेल, तर तो कॅसेटपेक्षाही जपा. पण खात्रीची कॅसेट घालून आधी तपासून घ्या, घरची एकुलती एक कॅसेट त्याच्या तोंडी देऊ नका. बंद पडून राहिलेलं मशीन पहिल्या झटक्यात फीत ओढून चुरगाळतं.

सिनेमाची काळजी कमी आहे. ज्याला गिऱ्हाईक आहे तो सिनेमा कंपनी स्वतःच कॅसेटवरून डीव्हीडीवर, डीव्हीडीवरून ओटीटीवर नेते. गिऱ्हाईक नसलेला मागेच राहतो. तुमच्या तीनशे डिस्कमधले गाजलेले हिंदी पिक्चर देऊन टाकलेत तरी फारसं अडणार नाही. मराठी नाटकांच्या व्हीसीडी मात्र एकेक करून बघा. त्या काळात कितीतरी नाटकं दोन-तीन कॅमेरे लावून चित्रित झाली, व्हीसीडीवर विकली गेली आणि तिथेच थांबली. त्यातले काही नट आज नाहीत. तो प्रयोग पुन्हा पाहायचा तर त्या चौकोन-चौकोन येणाऱ्या सीडीवरच पाहायला लागेल. छोट्या निर्मात्यांचे मराठी सिनेमे, कीर्तनं, शाहिरी हेही ठेवा.

घरच्या कॅसेटला तर पुढे नेणारी कंपनीच नाही. जी काही आहे ती तुमच्यापाशी आहे, तेवढीच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या गावभागातलं एक कुटुंब प्लास्टिकच्या टबात सात कॅसेट घेऊन माझ्याकडे आलं. घरात छातीपर्यंत पाणी होतं. त्यांनी एक फार मोलाची गोष्ट केली होती, कॅसेट उन्हात वाळवल्या नव्हत्या. गाळ एकदा वाळला की फितीला धरून बसतो, मग सोडवताना चित्रच खरवडून निघतं. कॅसेटच्या पाठीला पाच स्क्रू असतात. ते काढून झाकण उचललं तर आतली दोन्ही चाकं कृष्णेच्या गाळाने तपकिरी झालेली. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, फीत हाताने थोडी थोडी फिरवत धुतली, मऊ कापडाने टिपली, पंख्याखाली दोन दिवस ठेवली. मग दुसऱ्या कोऱ्या कॅसेटच्या डब्यात ती चाकं बसवली. फीत चुंबकीय असते, पाण्याने त्यावरचं पुसलं जात नाही. घात करतो तो गाळ आणि नंतर येणारी पांढरी बुरशी.

पहिली कॅसेट १९९१ मधल्या मुंजीची निघाली. मातृभोजन झालं, भिक्षावळ सुरू झाली, आणि चाळिसाव्या मिनिटाला एकदम हिरवं मैदान आलं. कॅसेटच्या कडेला एक चिमुकली पट्टी असते, ती मोडली की वर दुसरं काही टेप होत नाही. ती मोडलेली होती, पण त्या खळग्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावून दूरदर्शनवरची क्रिकेटची मॅच टेप केली होती. ते घर माझ्यासमोर गप्प बसून मॅच बघत होतं. मीही मशीन थांबवलं नाही, कारण टेप करणारा नेहमी शेवटपर्यंत जातोच असं नाही. तसंच झालं. मॅच तुटली आणि शेवटची अकरा मिनिटं मुंजीची सापडली. पंगत बसलेली, आजोबा धोतराचा सोगा धरून दोन रांगांमधून चाललेत, आणि कॅमेऱ्याकडे न बघता विचारतात, "मठ्ठा पोचला का रे शेवटपर्यंत?" आजोबा १९९४ मध्ये गेले. त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद त्या घरात नव्हती. त्यांच्या मुलाने ते वाक्य मला सहा वेळा मागे घेऊन लावायला लावलं.

म्हणून कॅसेटवर चिठ्ठी काय आहे यावरून ठरवू नका. "सिनेमा" लिहिलेल्यावर बारसं निघतं.

आणखी एक गोष्ट, ती ऐकून लोकांना धक्का बसतो. तुमच्या डीव्हीडींमध्ये लग्नाच्या, वाढदिवसाच्या असतील तर त्या आधी उतरवा, कॅसेटच्या बरोबरीनेच. विकत मिळणारी डीव्हीडी कारखान्यात ठसा मारून बनते, तिची पाठ रुपेरी असते. शूटिंगवाल्याने कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून दिलेल्या डीव्हीडीत एक रंगाचा थर असतो, लेसर तो जाळून खुणा करतो. तिची पाठ जांभळट दिसते. उन्हाने, उष्णतेने तो थर फिका पडतो. माझ्याकडे १९९० ची कॅसेट सुरळीत चालते आणि २००७ च्या लग्नाची डीव्हीडी सप्तपदीच्या आधीच अडकते, असं वरचेवर होतं. कॅसेट बिघडते तेव्हा रेघा येतात, आवाज खरखरतो, पण काहीतरी दिसत राहतं. डिस्क बिघडली की दिसणंच बंद होतं.

उतरवून घेताना समोरच्याला सांगा की डीव्हीडी नको, फाइल द्या, आणि ती दाबून लहान करू नका. तासाला साधारण १३ जीबी जागा लागेल, लागू दे. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्यामुळे "संध्याकाळी सगळ्या देतो" म्हणणाऱ्याकडे चौदा कॅसेट देऊ नका. फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात, बहिणीकडे नाहीतर मामांकडे. पुराने मला शिकवलेलं आहे हे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली एखादी कॅसेट असेल आणि ती लावल्यावर चित्र काळंपांढरं येत असेल किंवा उडत असेल, तर ती खराब झालेली नाही. तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पाल. दोन्ही चालणारा व्हीसीआर असलेला माणूस शोधा.

त्या दोन छोट्या कॅसेटवर काय छापलंय ते मात्र आज रात्रीच बघा. व्हीएचएस-सी असेल तर निश्चिंत राहा, ती एका खोक्यात बसवून साध्या व्हीसीआरमध्ये चालते. मिनी डीव्ही असेल तर जुना मिनी डीव्ही कॅमेरा आणि तो कॉम्प्युटरला जोडणारी फायरवायरची वायर लागेल, अजून मिळते. व्हिडिओ-८ किंवा हाय-८ असेल तर तिचे चालू कॅमेरे फार थोडे उरलेत. ती पहिली पाठवा, बाकीच्या चौदा नंतर.