कोर्टानं सोडलं, मग हजेरी कशाची?

"मॅडम, पोरगं सुटलंय का अडकलंय, तेवढं सांगा." अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातून आलेल्या मावशींचा हा पहिलाच प्रश्न. मुलगा (नाव बदलून त्याला विठ्ठल म्हणू) वीस वर्षांचा. मित्रांच्या नादानं शेजारच्या विहिरीवरची केबल कापून त्यातलं तांबं विकलं. गुन्हा शाबीत झाला, पण न्यायालयानं तुरुंगात न धाडता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (म्हणजे लेखी हमीवर), परिविक्षा अधिकाऱ्याच्या (अशा सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) देखरेखीखाली सोडलं. गावात कुणी म्हणे निर्दोष सुटला, कुणी म्हणे दोन वर्षांनी आत जाणारच.

दोन्ही चूक. विठ्ठल दोषी ठरला आहे, फक्त शिक्षा सुनावणं न्यायालयानं राखून ठेवलं आहे. मुदत नीट पार पडली तर या गुन्ह्यासाठी तुरुंग नाही. ही सोय १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय ती वापरू शकतं. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं, आणि देखरेख लावली तर ती किमान एक वर्षाची. एकवीसच्या आतल्या मुलाला जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात तुरुंगात पाठवायचंच असेल, तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवालही मागवावा लागतो. निकालाआधी घरी येऊन शेजारीपाजारी विचारपूस करून गेलेले साहेब ते हेच. मावशी त्यांना पोलीस समजून घाबरल्या होत्या. शेतकऱ्याला केबलची भरपाई द्यायचा आदेशही याच कायद्यातून आला.

खरी भीती पुढे निघाली. दसरा जवळ आला होता, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घरात खर्च झाली होती आणि विठ्ठल आपल्या भावाच्या कोयत्यात (ऊस तोडणाऱ्या जोडीत) धरलेला. ऊसतोडीची टोळी कर्नाटकात जाणार. बंधपत्रात तर परवानगीशिवाय राहण्याचं ठिकाण सोडायचं नाही, अशी अट. "न सांगता नेलं तर कुणाला कळतंय?" मावशी हळूच म्हणाल्या. पोट हातावर असलं की असा विचार येतोच, त्याबद्दल मी त्यांना बोल लावला नाही. पण स्पष्ट सांगितलं, "मावशी, या खटल्यात आत जायचा रस्ता असला तर तो हाच आहे." अट मोडल्याचं कळलं तर न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढतं. पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवता येतं, तसंच केबलचोरीची मूळ शिक्षाही सुनावता येते. कोणतं होईल, हे आपल्या हातात नसतं.

अटी मात्र दगडावरच्या रेघा नाहीत. परिविक्षा अधिकाऱ्यानं अर्ज केला तर न्यायालय त्या बदलू शकतं. म्हणून मुकादमाचं नाव, कारखान्याचा पत्ता, फडावर चालू असणारा फोन नंबर आणि परत यायचा अंदाजे महिना असं सगळं कागदावर लिहून विठ्ठलला आधी त्या साहेबांकडे पाठवलं. हे अधिकारी हजेरी मोजण्यापुरते नसतात. सल्ला देणं, मदत करणं, काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हेही त्यांच्या कर्तव्यात आहे, आणि आपले लोक तेच मागायला कचरतात याचं मला फार वाईट वाटतं. अर्ज झाला, अट बदलून मिळाली, मगच विठ्ठल टोळीबरोबर गेला.

जायच्या आधी तो एकटाच येऊन गेला. "मॅडम, पोलीस भरतीचं संपलं ना?" रोज पहाटे पळायचा तो. कायद्याच्या कलम १२ नुसार, परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि गुन्ह्याचं स्वरूप बघून नेमणूक नाकारायचा अधिकार भरती करणाऱ्यांकडे राहतो. खोटी आशा मी दिली नाही. एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली: फॉर्मवर विचारलं असेल तर लपवायचं नाही. लपवणं हेच उमेदवारी रद्द व्हायचं कारण ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलं आहे. "मग काय लिहू?" त्यानं विचारलं. गुन्हा क्रमांक, कलम, न्यायालय, निकालाची तारीख आणि बंधपत्रावर सोडल्याचा आदेश, असं त्याच्याच वहीत लिहून दिलं. निकालाची प्रमाणित नक्कल घरात नव्हती, तिचा अर्ज त्याच दिवशी लिहिला.