'चंद्र' या शब्दाचे अर्थ किती आणि तो कुठे कुठे वापरतात?

तुम्ही विचारलंय की चंद्र म्हणजे आकाशातला तो गोळा एवढंच का, की अजून काही अर्थ आहेत. अजून खूप आहेत, आणि मला हा शब्द इतका आवडतो की थोडं लांब लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट जी मला कळल्यावर दोन दिवस डोक्यातून जात नव्हती. चंद्र हे मुळात नाव नव्हतंच, विशेषण होतं. वेदातल्या संस्कृतमध्ये चंद्र म्हणजे चमकणारा, झळाळणारा, सोन्यालाही लावायचे. आणि आकाशातल्या चंद्राचा जुना शब्द होता मास्. दोन्ही जोडून झालं चंद्रमस्, म्हणजे चमकणारा मास्, तोच आपला चंद्रमा. मग हळूहळू विशेषणच नाव होऊन बसलं आणि खरं नाव गेलं पंचांगात, चैत्रमास श्रावणमास असं. आपण बोलताना महिना म्हणतो तो फारसी 'माह'वरून आलाय आणि माह म्हणजे पण चंद्रच!! त्यामुळे "या महिन्याचा पगार झाला का" असं विचारताना सुद्धा आपण चंद्राचंच नाव घेत असतो. बरोबरच आहे म्हणा, अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस, तोच आपला चांद्रमास. चांदी पण त्याच चमकण्यातून आलेली.

आता रोजच्या वापरातलं. हिंदीमुळे एक घोळ होतो तो आधी सांगतो, हिंदीत चाँदनी म्हणजे चंद्रप्रकाश, मराठीत चांदणी म्हणजे तारा (शुक्राची चांदणी), आणि चंद्रप्रकाशाला आपण चांदणं म्हणतो, टिपूर चांदणं, पिठूर चांदणं. पिठूर म्हणजे पीठ सांडल्यासारखं पांढरं, असा शब्द ज्याला सुचला असेल तो जात्यावर बसलेलाच असणार असं मला नेहमी वाटतं. तसंच "कार्यक्रमाला चार चांद लागले" हे हल्ली मराठीत सर्रास लिहितात पण ते हिंदी आहे, आपल्याकडे शोभा वाढते किंवा रंगत येते.

चांदोबा मधला 'बा' पण बघा, विठोबा, खंडोबा, ज्योतिबा यांच्यातलाच तो. म्हणजे लहान मुलांना दाखवताना सुद्धा आपण त्याला घरातल्या मोठ्या माणसाचा मान देतो.

आकारावरून तर कितीतरी शब्द आलेत. कपाळावरची चंद्रकोर, बॅट आणि डॉक्टर लिहिताना वर काढतो तो अर्धचंद्र, पंढरपूरला भीमा कोरीसारखी वळते म्हणून तिथे ती चंद्रभागा. आणि एखाद्याला 'अर्धचंद्र देणे' म्हणजे गचांडी धरून बाहेर काढणे, कारण मानेला धरताना अंगठा आणि बोटं मिळून हाताचा आकार अर्ध्या चंद्रासारखा होतो, स्वतःचा हात मानेला लावून बघा लगेच पटेल. शिवरायांच्या राजमुद्रेत पण 'प्रतिपच्चंद्रलेखेव' आहे, प्रतिपदेच्या कोरीसारखी वाढत जाणारी. पौर्णिमेचा पूर्ण चंद्र घेतला नाही, कारण पूर्ण झालेला दुसऱ्या दिवसापासून कमी व्हायला लागतो, असं मी समजतो, आणि हे वाचलं की अजून अंगावर काटा येतो.

चंद्रकळा म्हणजे चंद्राची कला, सोळावा भाग, पण आमच्या आजीसाठी चंद्रकळा म्हणजे काळी साडी, संक्रांतीला नेसायची ती. आजीचा चंद्राशी रोजचा व्यवहार होता, संकष्टीला कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ बघून गच्चीत जायची, पावसाळ्यात ढग असले की दिसायचा नाही मग नुसत्या वेळेवर विश्वास ठेवून हात जोडायची आणि उपास सोडायची. आणि तीच आजी भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला आम्हाला वर बघू द्यायची नाही, खोटा आळ येतो म्हणून, स्यमंतक मण्याची गोष्ट दरवर्षी सांगायची.

विज्ञानात म्हणाल तर चंद्र हे एकाचं नाव पण आहे आणि जातीचं पण. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले, मंगळाला दोन आहेत, इथे उपग्रह म्हटलं तरी चालतं, पण हल्ली उपग्रह म्हटलं की लोकांना इस्रोने सोडलेलाच आठवतो म्हणून मी तरी 'गुरूचे चंद्र' असंच लिहितो.

मधुचंद्र तर इंग्रजीतल्या हनीमूनचंच मराठी रूप आहे. पण माझा सगळ्यात लाडका शब्द चंद्रमौळी. मूळ अर्थ शंकर, ज्याच्या डोक्यावर चंद्र आहे तो. आणि मराठीत चंद्रमौळी घर म्हणजे गरिबाची मोडकी झोपडी, जिच्या छपराच्या भोकातून आत झोपलेल्याला चंद्र दिसतो.