आधी आकृतीखालची ओळ

पुणे

प्रिय मित्रा,

तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण अर्धंच आहे आणि आलेख काढायचा प्रोग्रॅम मात्र तिसऱ्यांदा नव्याने लिहून झालाय. याला मी आळस म्हणणार नाही. कोड दहा सेकंदांत सांगतो, चाललं की फुटलं. परिच्छेदावर गाइडचा शेरा यायला पंधरवडा जातो. मन लवकर उत्तर देणाऱ्याकडेच धावणार.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथसुद्धा यातून सुटले नाहीत. आपल्या ग्रंथमालेतल्या एका खंडाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी पसंत पडली नाही म्हणून 1977 मध्ये ते 'टेक' हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला बसले. थोडक्यात आटपेल वाटलेलं काम दहा वर्षांवर गेलं. जगाला टेक मिळालं. त्या ग्रंथमालेचा खंड 4ए मात्र 2011 मध्ये आला. तुझी फेलोशिप इतकी लांब नाही!

तेव्हा कोडचा एडिटर उघडण्याआधी आकृतीखालची ओळ लिही, एककांसकट. 'आकृती 2.3: घाटातला दैनिक पाऊस (मिमी) आणि खडकवासल्याचा पाणीसाठा (टीएमसी), जून ते सप्टेंबर.' या ओळीला दोन अक्ष आणि दोन रेषा लागतात, तेवढाच कोड लिही. रंग-फॉन्ट सगळ्या आकृत्या जमल्यावर एकदाच. ओळच सुचत नसेल तर घोडं कोडपाशी अडलेलं नाही, आकड्यांचा अर्थ लागायचाय. तिथे कागद-पेन घे.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी गुणाकार कर. दहा मिनिटांचं काम वर्षात तीनदा, म्हणजे अर्धा तास. त्यापायी दोन दिवस घालवू नकोस. हाताने करताना आकडे चुकत असतील तर गोष्ट वेगळी, मग स्क्रिप्ट हवीच.

सगळ्यात महाग पडतं ते मधेच कोड 'नीट करणं'. कोणत्या नोंदी गाळायच्या याचा एक निकष बदलला की पहिल्या प्रकरणातले तक्ते नव्या कोडमधून जुळत नाहीत, आणि हे कळतं सबमिशनच्या आठवड्यात. प्रकरण गाइडकडे गेलं की त्याच दिवशी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्या आवृत्तीला टॅग (नावाची खूण) लाव.

रात्री 'एवढा एक बग' म्हणत बसू नकोस. चुकणारी टेस्ट तशीच ठेव, गिटच्या वेगळ्या ब्रांचवर (मूळ कोडपासून वेगळ्या फांदीवर) कमिट कर, म्हणजे नोंदवून ठेव, आणि तीन ओळी लिही: काय करत होतो, काय करून पाहिलं, पुढे काय. डोक्यात धरून ठेवायला काही उरलं नाही की झोप लागते.

सकाळचा पहिला दीड तास प्रकरणाचा प्रिंटआउट आणि पेन घेऊन विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बस. लॅपटॉप खोलीवरच राहू दे. कागदावर रन करायला काही नसतं.

शुक्रवारी मला कोड पाठवू नकोस. आकृत्यांखालच्या पाच ओळी पाठव.