मालक सरकार असेल तर परदेशी पाठिंब्याचा उपयोग काय?

सार्वजनिक सेवांमधील कामगार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय संबंधांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची नगरपालिका कर्मचाऱ्यांची संघटना एका जागतिक महासंघाशी संलग्न असून दरवर्षी वर्गणीचा काही भाग तिकडे जातो. सर्वसाधारण सभेत सभासद विचारतात की मालक इथला, पगार इथला, मग हा पैसा बाहेर कशासाठी? त्यांना काय सांगावे?

उत्तर : सभासदांचा प्रश्न रास्त आहे आणि 'जगातील कामगार एक आहेत' असे सांगून तो सुटत नाही. एकच कंपनी चार देशांत कारखाने चालवते, तेव्हा तेथील कामगारांनी एकमेकांशी संबंध का ठेवावा हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. नगरपालिकेची मात्र परदेशात शाखा नसते. असे असूनही नगरपालिका आणि शासकीय सेवांमधील कामगारांच्या काही युरोपीय संघटना १९०७ मध्येच जर्मनीतील स्टुटगार्ट येथे एकत्र आल्या. त्यातूनच आजची पब्लिक सर्व्हिसेस इंटरनॅशनल, म्हणजे पीएसआय, हा सार्वजनिक सेवांमधील संघटनांचा जागतिक महासंघ उभा राहिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अर्थात आयएलओ स्थापन झाली ती त्यानंतर बारा वर्षांनी.

वर्गणीचे चीज कुठे होते, हे तुर्कस्तानातील एका उदाहरणावरून पाहावे. टुम बेल सेन या तेथील नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या संघटनेने फेब्रुवारी १९९३ मध्ये गाझिआन्तेप नगरपालिकेशी वेतनासह सेवाशर्तींचा सामूहिक करार केला. पालिकेने करारातील काही जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत, म्हणून संघटना न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयात ती जिंकली. वरच्या न्यायालयाने मात्र असा निर्णय दिला की करार झाला त्या वेळी शासकीय कर्मचाऱ्यांना संघटना स्थापण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, त्यामुळे संघटनेला अस्तित्व नाही आणि कराराला अर्थ नाही. यावर कडी म्हणजे कराराप्रमाणे हाती पडलेली वाढीव रक्कम कर्मचाऱ्यांनी परत करावी, असाही आदेश निघाला. पगारात मिळालेले आणि घरात खर्चून गेलेले पैसे परत मागितले जाणे म्हणजे काय, हे कोणत्याही सभासदाला सांगावे लागणार नाही.

हे प्रकरण शेवटी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये त्या पीठाने आयएलओच्या कन्व्हेन्शन्सचा, म्हणजे देशांनी मान्य करावयाच्या आंतरराष्ट्रीय करारांचा, आधार घेऊन असा निकाल दिला की मालकाशी सामूहिक वाटाघाटी करणे हा संघटना-स्वातंत्र्याचाच गाभ्याचा भाग आहे आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांना तो सरसकट नाकारता येत नाही. आता ही कन्व्हेन्शन्स आली कुठून? १९४९ च्या ९८ क्रमांकाच्या कन्व्हेन्शनने सामूहिक वाटाघाटींच्या हक्काला संरक्षण दिले, पण राज्यकारभारात गुंतलेल्या शासकीय सेवकांना त्यातून बाहेर ठेवले. ही फट बुजवण्यासाठी सार्वजनिक सेवांमधील संघटनांनी आयएलओचे मुख्यालय असलेल्या जिनिव्हात वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९७८ मध्ये १५१ क्रमांकाचे कन्व्हेन्शन मंजूर झाले. असा पाठपुरावा करणारी माणसे, त्यांचे वकील आणि त्यांचा प्रवास यांचा खर्च वर्गण्यांमधूनच भागतो. सभेत एवढे एक उदाहरण नीट सांगितले तरी पुरे.

प्रश्न : आमच्या सरकारने संघटना-स्वातंत्र्यावरील मुख्य कन्व्हेन्शन्स मान्य केलेली नाहीत. मग आयएलओकडे तक्रार करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे. ८७ (संघटना-स्वातंत्र्य) आणि ९८ (सामूहिक वाटाघाटी) क्रमांकांची कन्व्हेन्शन्स मान्य न केलेल्या देशांत अमेरिका, चीन आणि भारत येतात, म्हणजे आपण एकटे नाही. तथापि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या संघटना-स्वातंत्र्य समितीकडे कोणत्याही सदस्यदेशाविरुद्ध तक्रार करता येते, मग त्या देशाने कन्व्हेन्शन मान्य केलेले असो वा नसो. सदस्यत्व स्वीकारले तेव्हाच हे मूलतत्त्व स्वीकारले, अशी त्यामागची भूमिका आहे. तक्रार देशातील किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेकडून जावी लागते. येथे महासंघाचे पत्र आणि त्याचा अनुभव दोन्ही कामास येतात, कारण तक्रारीत राग नव्हे, तर आदेशाची तारीख, कलम आणि प्रत लागते.

वेळेबाबत मात्र कोणी फसू नये. दक्षिण कोरियाविरुद्धची तक्रार १९९५ मध्ये दाखल झाली. पुढील वर्षी तो देश ओईसीडी या श्रीमंत देशांच्या मंडळात गेला आणि कामगार कायदे सुधारण्याचे आश्वासन त्याला तेथे द्यावे लागले. तरीही २००९ मध्ये सरकारने तेथील सरकारी कर्मचारी संघटनेची मान्यता काढून घेतली. बडतर्फ झालेल्यांना सभासद म्हणून ठेवले, हे त्यासाठी दिलेले कारण होते. ती मान्यता २०१८ मध्ये परत मिळाली. पुढे युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार करारातील कामगार-हक्कांच्या तरतुदीखाली तज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले, जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्याच वर्षी कोरियाने ८७ व ९८ ही दोन्ही कन्व्हेन्शन्स मान्य केली. तक्रारीपासून कन्व्हेन्शन्स मान्य होईपर्यंत पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला. माझे मत असे की जिनिव्हातील निर्णयाने एकट्याने कोणतेच सरकार हलत नाही. ज्या दिवशी त्या सरकारला व्यापार, कर्ज किंवा सदस्यत्व यांपैकी काही हवे असते, त्या दिवशी टेबलावर ठेवता येईल असा कागद त्या निर्णयामुळे तयार असतो. तो आधीपासून तयार नसेल, तर दिवस तसाच निघून जातो.

ब्रिटनमधील अनुभवही असाच आहे. जानेवारी १९८४ मध्ये थॅचर सरकारने चेल्टनहॅम येथील जीसीएचक्यू या गुप्त संदेशवहन केंद्रात कामगार संघटनांवर बंदी घातली आणि सभासदत्व सोडणाऱ्यास १,००० पौंड देऊ केले. बहुतेकांनी ते घेतले, पण काहींनी नकार दिला आणि त्यांच्यापैकी चौदा जणांना नोकरी गमवावी लागली. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये संघटना हरल्या, स्ट्रासबर्गमध्येही त्यांची याचिका टिकली नाही. त्यांच्या बाजूने उभी राहिली ती आयएलओ. सरकारने तिचे ऐकले नाही, पण दर जानेवारीत चेल्टनहॅममध्ये मोर्चा निघत राहिला आणि १९९७ मध्ये सत्ताबदल होताच बंदी उठली.

प्रश्न : दुसऱ्या देशातील कर्मचाऱ्यांच्या संपाला पाठिंबा म्हणून आपणही संप करू शकतो का?

उत्तर : आपल्या देशाचा कायदा वकिलाला दाखवल्याशिवाय करू नये. ब्रिटनने १९९० च्या कायद्याने सर्व प्रकारच्या पाठिंब्याच्या संपांना मिळणारे कायदेशीर संरक्षण काढून घेतले आणि २०१४ मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयानेही ही बंदी वैध ठरवली. शासकीय सेवेत तर संपालाच मर्यादा असतात. आयएलओच्या समितीच्या मते राज्याच्या वतीने अधिकार वापरणाऱ्या सेवकांचा, तसेच ज्या सेवा थांबल्यास लोकांचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येईल अशा सेवांमधील कर्मचाऱ्यांचा संपाचा हक्क मर्यादित करता येतो. रुग्णालये, पाणी, वीज आणि हवाई वाहतूक नियंत्रण या दुसऱ्या वर्गात मोडतात. शाळा आणि टपाल मात्र नाहीत, हे अनेक सरकारे सोयीस्करपणे विसरतात.

हवाई नियंत्रकांचाच एक प्रसंग बोलका आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतील सुमारे १३,००० नियंत्रक संपावर गेले आणि दोनच दिवसांत रेगन सरकारने ११,००० हून अधिक जणांना बडतर्फ केले. त्या वेळी अटलांटिक ओलांडणारी विमाने कॅनडातील गँडर येथील नियंत्रण कक्षाच्या देखरेखीखाली जात. तेथील नियंत्रकांनी अमेरिकेशी संबंधित उड्डाणे हाताळण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे साधे होते : पलीकडे अनुभवी माणसेच उरली नसतील, तर विमान त्यांच्या स्वाधीन करणे सुरक्षित नाही. समुद्रावरील वाहतूक विस्कळीत झाली आणि दोन्ही सरकारांना धावाधाव करावी लागली, पण सुरक्षिततेची चौकशी करण्याचे ठरताच दोन दिवसांत हा बहिष्कार संपला. बडतर्फ झालेल्यांना सेवेचे दार १९९३ पर्यंत बंदच राहिले.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी घेतो. पाठिंब्याची कृती आपल्या स्वतःच्या कामातील सुरक्षिततेच्या किंवा गुणवत्तेच्या प्रश्नाशी जोडलेली असेल, तर ती कायद्यापुढे आणि लोकांपुढे अधिक टिकते. दुसरे असे की दोन दिवसांच्या धाडसाने बलाढ्य सरकारचा निर्णय फिरत नाही. फिरवायचा असेल तर त्यामागे महिनोन्महिने चालणारी तयारी लागते आणि ती तेथे नव्हती.

प्रश्न : एका परदेशी संघटनेने आमच्याकडे पाठिंब्याचे पत्र मागितले आहे. अशी पत्रे कोणी वाचते का?

उत्तर : बहुतेक कोणी वाचत नाही, आणि त्याला लिहिणारे जबाबदार असतात. निलंबित कर्मचाऱ्यांबाबतच्या एका बैठकीला मी हजर होतो. संघटनेने जगभरातून आलेल्या पत्रांचा गठ्ठा अधिकाऱ्यापुढे ठेवला. तो चाळत असताना त्याचा हात एकाच पत्राशी थांबला. बाकीच्या पत्रांत 'आपल्या न्याय्य लढ्यास आमचा बिनशर्त पाठिंबा' अशा ओळी होत्या. या पत्रात निलंबन आदेशाचा क्रमांक, तीन जणांची नावे, मोडलेली तरतूद आणि खाली एक ओळ होती : 'या पत्राची प्रत आमच्या परराष्ट्र मंत्रालयास व आपल्या दूतावासास दिली असून उत्तराची वाट पाहत आहोत.' अधिकाऱ्याने विचारले, 'हे कोणी पाठवले?' त्यापुढील चर्चेचा सूर वेगळा होता.

तेव्हा पत्र लिहिण्याआधी त्या संघटनेला विचारावे की नेमके कोणाला लिहायचे, काय मागायचे आणि काय मुळीच लिहायचे नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काही देशांत परदेशी संबंध हाच आरोप असतो आणि आपल्या उत्साहाची किंमत तेथील माणूस मोजतो. २०२१ मध्ये म्यानमारमधील डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि कारकून लष्करी सत्तेशी असहकार पुकारून कामावरून उठले, तेव्हा त्यांना जाहीर पत्रांपेक्षा घरभाडे आणि शिधा यांसाठी पैशांची निकड होती आणि नावे गुप्त राहणे आवश्यक होते.

प्रश्न : श्रीमंत देश आमच्या परिचारिका घेऊन जातात. तेथील संघटना आमच्याशी बंधुभावाच्या गोष्टी करतात, हा दुटप्पीपणा नाही का?

उत्तर : काही वेळा तो असतोच. स्वतःच्या देशात परिचारिकांचे वेतन वाढवून घेण्याऐवजी भरती बाहेरून होऊ द्यायची आणि आलेल्या बहिणींना सभासदही करून घ्यायचे नाही, असे वागणाऱ्या संघटनेला बंधुभावावर बोलण्याचा अधिकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य सेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली, पण ती ऐच्छिक आहे. याहून उपयोगी वाट २०१३ च्या जर्मनी–फिलिपिन्स करारात दिसते : परिचारिकांच्या भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त समितीत दोन्हीकडच्या सार्वजनिक सेवा संघटनांना स्थान देण्यात आले. जाणारी परिचारिका निघण्यापूर्वीच एका संघटनेच्या ओळखीची असते आणि उतरताच दुसरीच्या. हवाई तिकीट, भाषेचा वर्ग आणि पहिले वेतनपत्रक या तीन ठिकाणी फसवणूक होते. त्या तिन्ही ठिकाणी प्रश्न विचारायला कोणी आहे का, एवढेच पाहावे.

प्रश्न : लोक आम्हाला आळशी सरकारी नोकर समजतात. आंतरराष्ट्रीय चळवळीने यावर काही केले आहे का?

उत्तर : केले आहे, आणि यश मिळाले तेथे संघटनांनी स्वतःचा पगार बाजूला ठेवून सेवेविषयी बोलायला सुरुवात केली होती. सार्वजनिक सेवा संघटनांच्या युरोपीय महासंघाने, म्हणजे ईपीएसयूने, 'पाणी हा हक्क आहे' या मागणीसाठी युरोपीय संघातील नव्या नागरिक-पुढाकाराच्या तरतुदीखाली सह्या गोळा केल्या. किमान दहा लाख सह्या आणि सात देशांत ठरावीक संख्या अशी अट होती. मोहीम सोळा लाखांवर गेली आणि ही अट पूर्ण करणारी पहिलीच ठरली. मात्र या सह्यांमध्ये जर्मनीचा वाटा प्रचंड होता, तर फ्रान्ससारख्या मोठ्या देशात किमान संख्याही गाठता आली नाही. ऐक्याच्या गप्पा मारताना हे झाकून ठेवू नये.

सह्या सादर होण्याआधीच, जून २०१३ मध्ये, युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, सार्वजनिक सेवा कंपन्यांना चालवायला देण्याच्या परवान्यांविषयीच्या प्रस्तावित कायद्यातून पाणी वगळले. पुढच्या वर्षी आयोगाने दिलेले अधिकृत उत्तर गुळमुळीत होते. पिण्याच्या पाण्याचा सुधारित कायदा २०२० मध्ये आला आणि वंचित गटांपर्यंत पाणी पोहोचवण्याची जबाबदारी त्यात सदस्यदेशांवर टाकली गेली. एवढ्या सह्या गोळा करताना पाणीपुरवठ्यातील कर्मचारी टेबल मांडून रस्त्यावर बसले होते, आणि लोक त्यांना पगाराविषयी नव्हे, तर नळाला येणाऱ्या पाण्याविषयी विचारत होते.