थिनरचा वास येईनासा झाला म्हणजे तो गेला असं नाही

मागच्या अंकात घराच्या रंगकामावर लिहिलं आणि पत्रं आली ती निम्मी थिनरवरच. कुणी चपला चिकटवायच्या सोल्युशनबद्दल विचारलंय, कुणी पॉलिशबद्दल, एकाने तर मखराबद्दल, पण खोदून पाहिलं तर बहुतेकांच्या मुळाशी एकच प्राणी बसलाय, टोल्युइन, म्हणजे रंग-गोंद विरघळवणारा, भराभर उडून जाणारा द्रव. माझी अर्धी नोकरी रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये याच्याच सोबत गेली, त्यामुळे आज थोडं लांबेल.

प्रश्न : काका, आमच्याकडे दारं-कपाटांना मेलामाईन पॉलिश सुरू करायचंय. सुनेला सहावा महिना आहे. सुतार म्हणतो, दोन तासात वास जातो, काही होत नाही. तिला दुसऱ्या खोलीत ठेवलं तर चालेल का? (डोंबिवली)

उत्तर : नाही चालणार. सरळ माहेरी पाठवा, नाहीतर पॉलिश बाळंतपणानंतर करा, दारं कुठे पळून चालली नाहीत. वाफ श्वासातून रक्तात जाते आणि रक्तातून वारेमधून बाळापर्यंत पोचते. एखाद्या दिवसाच्या वासाने काहीतरी होईलच असं मी म्हणत नाही, पण टू बीएचकेमध्ये 'दुसरी खोली' म्हणजे एक दार, आणि दाराखाली बोटभर फट. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि नेमकी त्या फटीतून आत शिरते. शिवाय मेलामाईन सुकताना फॉर्मलडिहाइडही सुटतं, तो आणखी एक ताप.

आता सुताराचे ते दोन तास. या वासाला नाक फार लवकर सरावतं. आम्ही लॅबमध्ये सकाळी शिरलो की वास यायचा, चहाच्या सुट्टीपर्यंत काही नाही, आणि चहा पिऊन परत आलो की पुन्हा भस्सकन नाकात. म्हणजे वास मधल्या वेळात कुठेच गेलेला नसायचा, गेलं असायचं ते आमचं नाक. त्यामुळे खोलीत बसून 'गेला वाटतं' म्हणू नका, खाली जाऊन पंधरा मिनिटं फिरून या आणि मग दार उघडून हुंगा.

घरात दुसरी भीती आगीची. टोल्युइन ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे डोंबिवलीत डिसेंबरच्या पहाटेसुद्धा उघड्या डब्याच्या तोंडाशी पेटेल अशी हवा तयारच असते. काम चालू असताना गॅस बंद, देवापुढची समई बंद, उदबत्ती बंद, आणि दिव्याची बटणंसुद्धा आधीच काय ती लावून घ्या, मधे खटखट नको. पंखा लोक हमखास उलटा ठेवतात, खिडकीत बाहेर तोंड करून, म्हणजे सगळी वाफ त्या मोटरमधून जाते, ठिणगी पडली तर संपलं. पंखा ताज्या हवेच्या बाजूला दारात ठेवायचा आणि समोरची खिडकी सताड उघडी.

प्रश्न : माझं चपलांचं छोटं वर्कशॉप आहे, दिवसभर सोल्युशन लावायचं काम. तोंडाला रुमाल बांधतो तरी संध्याकाळी डोकं जड होतं, कधी भोवळ येते. रविवारी मात्र एकदम बरं वाटतं. हे कशाने? (कोल्हापूर)

उत्तर : दादा, निदान तुम्हीच केलंय. रविवारी बरं वाटतं आणि सोमवारी संध्याकाळी पुन्हा डोकं धरतं याचा अर्थ दुखणं कामाच्या जागी आहे. रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी आत सक्रिय कोळसा भरलेलं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि ते कार्ट्रिजही कायमचं नसतं, मास्कमधून वास यायला लागला म्हणजे ते केव्हाच भरलंय.

आकडे सांगतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश ही सरकारी संस्था दिवसभराच्या कामासाठी हवेत १०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग वाफ) मर्यादा सुचवते आणि ५०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका धरते. छोट्या बंद खोलीत रुंद तोंडाचा डबा दिवसभर उघडा असेल तर हवा किती बिघडत असेल याचा अंदाज तुमच्या भोवळीवरून करा. वर्षानुवर्षं चाललं तर विसराळूपणा, हाताला कंप, आणि मशीनचा खडखडाट सोबत असेल तर ऐकू कमी येणं, हे सगळं या वाफेच्या खात्यावर जमा आहे.

शरीर बिचारं आपलं काम करतं. लिव्हर टोल्युइनचं बेंझोइक ॲसिड करतं, त्याला ग्लायसिन जोडून हिप्प्युरिक ॲसिड बनवतं आणि ते लघवीतून बाहेर जातं. डॉक्टर ही टेस्ट सांगू शकतील, पण आदल्या दिवशी सॉस, बाटलीतलं सरबत, विकतचं लोणचं असलं काही खाऊ-पिऊ नका, कारण त्यातल्या सोडियम बेंझोएटचंही शेवटी हेच ॲसिड होतं आणि रिपोर्ट फुगतो. आणि काम संपल्यावर पेग घेत असाल तर तोही थांबवा, दारू आत गेली की लिव्हर आधी तिच्यामागे लागतं आणि टोल्युइन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं.

खरं तर मला तुमच्या सोल्युशनचीच जास्त काळजी वाटते. सुट्टं, लेबल नसलेलं, स्वस्तातलं घेत असाल तर त्यात टोल्युइनच आहे कशावरून? १९६०च्या दशकात जपानमध्ये घरोघरी चपला बनवणाऱ्यांचे हातपाय लुळे पडायला लागले, गोंदात हेक्झेन हे दुसरंच सॉल्व्हंट निघालं. १९७०च्या दशकात इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांना चप्पल-बूट बनवणाऱ्या कामगारांमध्ये रक्ताचा कॅन्सर दिसला, तिथे टोल्युइनचाच भाऊबंद बेंझिन होतं. दोन्हीकडे तुमचाच धंदा. त्यामुळे कंपनीचा सीलबंद, घटक लिहिलेला डबा घ्या, पाण्यावर आधारलेलं चिकटवण जिथे चालतं तिथे ते वापरा, डबा अरुंद तोंडाचा ठेवा आणि ब्रश बाहेर काढला की झाकण लावा. हात थिनरने धुवायची सवय असेल तर सोडा, कातडीचं तेल जाऊन भेगा पडतात. आधी खोबरेल चोळा, मग साबण.

प्रश्न : सर, टोल्युइन म्हणजे बेंझिनच्या रिंगला एक मिथाइल ग्रुप. मग बेंझिनने कॅन्सर होतो आणि टोल्युइनने का नाही? आणि हे असलं नाव कुठून आलं? (बारावी सायन्स, लातूर)

उत्तर : शाब्बास, मार्कांपलीकडचा प्रश्न विचारलास. लिव्हरला बेंझिन मोडायचं तर थेट रिंगवरच घाव घालावा लागतो, त्यात जे तुकडे बनतात ते अस्थिमज्जेला भोवतात. टोल्युइनला मात्र ते मिथाइलचं शेपूट आहे ना, लिव्हर ते शेपूट धरतं आणि रिंगला फारसा हात न लावता काम उरकतं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवरची संस्था बेंझिनला पहिल्या गटात ठेवते, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की, आणि टोल्युइनला तिसऱ्या गटात. तिसरा गट म्हणजे 'पुरावा अपुरा', 'सुरक्षित' नव्हे, हे नीट लक्षात ठेव.

नाव कोलंबियातल्या तोलू गावावरून. तिथल्या झाडाचा सुगंधी डिंक, तोलू बाल्सम, त्यातून देव्हिल या फ्रेंच केमिस्टने १८४१च्या सुमाराला हे मिळवलं. आज ते पेट्रोलियममधून येतं. टीएनटी या स्फोटकाच्या नावातला शेवटचा टी यांचाच आणि तुझ्या गादीतला फोम बनवायलाही हेच लागतं. बेंझिन ५.५ अंशाला गोठतं आणि हे उणे ९५ला, एका शेपटाने केवढा फरक पडतो बघ.

प्रश्न : जुन्या थर्माकोलच्या मखराला सोनेरी स्प्रे मारला तर मखर चक्क विरघळलं! (चिपळूण)

उत्तर : विरघळणारच हो. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याच्यातही त्याच रिंगा, स्प्रेतल्या टोल्युइनला ते घरचंच वाटतं. तसंही २०१८पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, पुठ्ठ्याचं करा.

प्रश्न : दुकानदाराने थिनर पाण्याच्या बाटलीत भरून दिलं, नातवाने पाणी समजून घोट घेतला. आम्ही मीठ-पाणी पाजून ओकायला लावलं. आता बरा आहे, पण केलं ते बरोबर का? (नाशिक)

उत्तर : बरा आहे हे वाचून जीवात जीव आला, पण ओकायला लावणं चूक होतं. पातळ सॉल्व्हंट वर येताना श्वासनलिकेत उतरतं आणि फुफ्फुसाला सूज येते, पोटात जाण्यापेक्षा ते वाईट. मीठ-पाणी, दूध काही न देता, बाटली बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं. लगेच खोकला, ठसका लागला असेल तर अजिबात थांबायचं नाही, आणि काही दिसत नसलं तरी काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं, खोकला मागाहूनही सुरू होतो. आणि ती बाटली अजून घरात असेल तर आजच दुकानदाराला परत करा. आमच्या कारखान्यातसुद्धा थिनर चहाच्या कपात ओतून ब्रश धुणारे महाभाग होते, एकाने त्याच कपातून पुढे चहा घेतला होता.