‘मिसिंग लायब्ररी’: गहाळ, हरवलेली की न सापडलेली?

आपला प्रश्न असा आहे: इंटेलच्या लॅपटॉपवर बसून एआरएम प्रोसेसरच्या बोर्डासाठी प्रोग्राम क्रॉस-कंपाईल करताना (एका यंत्रावर बसून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी बांधताना) जी ‘मिसिंग लायब्ररी’ची, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाईल न मिळाल्याची, एरर येते, तिच्यावर आपण मराठीत टिपण लिहीत आहात आणि तिला ‘गहाळ ग्रंथालय’ म्हणावे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

यातल्या ‘ग्रंथालया’चा निकाल लवकर लागतो. हे काम करणारी मराठी माणसे ‘लायब्ररी’ असेच म्हणतात, तो शब्द स्त्रीलिंगी म्हणून रुळलेला आहे आणि ‘नोकरी–नोकऱ्या’प्रमाणे त्याचे अनेकवचन ‘लायब्रऱ्या’ असे सहज होते. तेव्हा ‘लायब्ररी’च लिहावे. खरी अडचण ‘गहाळ’ या विशेषणाची आहे आणि ती केवळ शैलीची नाही, कारण त्या शब्दामुळे वाचक दुरुस्तीसाठी चुकीच्या जागी जातो.

‘गहाळ’ असे आपण त्या वस्तूला म्हणतो, जी कोणाच्या तरी ताब्यात होती आणि आता तिथे नाही. कचेरीतली फाईल गहाळ होते, प्रवासात सामान गहाळ होते. क्रॉस-कंपाईल करताना असे सहसा घडलेले नसते. लायब्ररी त्या जागी मुळात कधी ठेवलेलीच नसते, किंवा ती असते पण दुसऱ्या प्रोसेसरची असते, किंवा योग्य प्रोसेसरची असूनही शोध भलत्याच फोल्डरात चाललेला असतो. ‘गहाळ’ वाचून नवशिक्या माणूस लॅपटॉपवर तीच लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करतो, इंटेलची प्रत पुन्हा एकदा जागच्या जागी बसते आणि एरर तशीच राहते.

म्हणून मी ‘सापडणे’ हे क्रियापद सुचवतो, आणि तेही पूर्ण वाक्यात. मराठीत कोणाला तरी काहीतरी सापडते. ज्याला सापडते तो चतुर्थीत येतो. इंग्रजी संदेशात हा कर्ता क्रियापदाजवळ दिसत नाही, पण ओळीच्या आरंभी छापलेला असतो. ‘एलडी: कॅनॉट फाइंड -एलझेड’ या ओळीतला ‘एलडी’ म्हणजे लिंकर, प्रोग्रामला लायब्रऱ्या जोडणारे साधन, आणि ‘-एलझेड’ म्हणजे ‘लिबझेड.एसओ’ किंवा ‘लिबझेड.ए’ या नावाची, म्हणजे झेडलिब या माहिती दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीची, फाईल शोधण्याची आज्ञा. त्यामुळे मराठीत ‘लिंकरला बोर्डासाठीची झेडलिब सापडली नाही’ असे लिहावे. कोणाला, कशासाठीची आणि काय, या तिन्ही गोष्टी त्यात येतात आणि पुढची चौकशी त्याच क्रमाने करता येते.

बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड उदाहरणादाखल घेऊ. त्यावर 32-बिटी एआरएम प्रोसेसर आहे. समजा, त्याच्यासाठी झेडलिब वापरणारा प्रोग्राम आपण 64-बिटी डेबियन लिनक्सवर बांधत आहोत. वरील एररच्या आधी कधीकधी ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ अशी एक ओळ येते. ती फार मोलाची आहे: लिंकरला त्या नावाची फाईल मिळाली, पण ती इंटेलची निघाली म्हणून त्याने ती वगळली. इथे ‘सापडली नाही’ हेही अपुरे पडते. ‘जुळत नाही म्हणून वगळली’ असेच लिहायला हवे. अशा वेळी बहुधा कोणीतरी मेकफाईलमध्ये (प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाईलमध्ये) लॅपटॉपच्या लायब्रऱ्यांचा रस्ता थेट लिहून ठेवलेला असतो. फाईल कोणत्या प्रोसेसरची आहे हे ‘फाईल’ ही आज्ञा एका ओळीत सांगते. त्या ओळीत ‘एआरएम’ दिसत नसेल, तर तो रस्ता काढून टाकावा.

‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ची ओळ आली नाही, तर लायब्ररी शोधाच्या वाटेवर नाही असे समजावे. डेबियनमध्ये आधी ‘आर्मएचएफ’ (32-बिटी एआरएमचे डेबियनमधले नाव) हे आर्किटेक्चर जोडावे, पॅकेजांची यादी ताजी करावी आणि मग ‘झेडलिब1जी-डेव्ह:आर्मएचएफ’ हे पॅकेज घ्यावे. नावातला ‘डेव्ह’ विसरू नये. साध्या पॅकेजात ‘लिबझेड.एसओ.1’ ही प्रोग्राम चालताना लागणारी फाईल असते. लिंकर ज्या नावाने शोधतो ते ‘लिबझेड.एसओ’ आणि सोबतच्या हेडर फाईली ‘डेव्ह’ पॅकेजात असतात. ‘लायब्ररी तर समोर दिसते आहे, तरी सापडत नाही म्हणतो’ ही तक्रार अनेकदा शेवटच्या ‘.1’ या एका आकड्यापाशी सुटते.

बोर्डाची फाईल-व्यवस्था लॅपटॉपवर उतरवून तिलाच ‘सिसरूट’ (लायब्रऱ्या शोधताना बोर्डाचे मूळ फोल्डर मानायची जागा) म्हणून वापरले असेल, तर दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. बोर्डावरच्या काही सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) ‘/लिब’ अशा मुळापासूनच्या रस्त्याने लिहिलेल्या असतात. लॅपटॉपवर आल्यावर त्या लॅपटॉपच्याच ‘/लिब’कडे बोट दाखवू लागतात, म्हणून त्या सापेक्ष करून घ्याव्या लागतात. दुसरे ठिकाण पीकेजी-कॉन्फिगचे, म्हणजे प्रोग्राम बांधताना लायब्रऱ्या कुठे आहेत हे सांगणाऱ्या साधनाचे. त्याला ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून नवा रस्ता दिला, तरी लॅपटॉपचे मूळ रस्ते यादीत राहतातच, आणि सिसरूटमध्ये नसलेली लायब्ररी तो गुपचूप लॅपटॉपवरून उचलतो. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ मात्र मूळ यादीची जागाच घेतो, म्हणून क्रॉस-कंपाईलसाठी तोच वापरावा आणि जोडीला ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’मध्ये सिसरूटचा रस्ता द्यावा.

आपल्या टिपणात ‘होस्ट’साठी ‘यजमान’ योजण्याचा विचार असेल, तर तो सोडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेल्या ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टला दिलेला ‘--होस्ट’ म्हणजे बांधलेला प्रोग्राम जिथे चालणार ते यंत्र, म्हणजे आपला बोर्ड. बिल्डरूट या बोर्डासाठी लिनक्स बांधणाऱ्या साधनातले ‘होस्ट’ फोल्डर मात्र लॅपटॉपवर चालणाऱ्या साधनांचे असते. एकच शब्द दोन ठिकाणी उलट अर्थाने येत असताना त्याचा एकच मराठी प्रतिशब्द ठरवला, तर गोंधळ मराठीतही जसाच्या तसा येईल. आज्ञेतला शब्द आज्ञेपुरता ठेवून स्पष्टीकरणात सरळ ‘लॅपटॉप’ आणि ‘बोर्ड’ लिहावे.

आता बोर्डावरची एरर. प्रोग्राम बांधून झाला, बोर्डावर नेला आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असे आले, तर शोधणारा बदललेला आहे: लिंकरचे काम संपले असून आता लोडर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्रऱ्या जोडणारा) शोधतो आहे, आणि तोही बोर्डावर. इथे ‘बोर्डावर लोडरला लायब्ररी सापडली नाही’ असे लिहावे. कोणकोणत्या लायब्रऱ्या लागतात हे लॅपटॉपवरच ‘रीडएल्फ -डी’ने पाहावे. एलडीडी (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारा नेहमीचा प्रोग्राम) इथे कामाचा नाही. एआरएमचा प्रोग्राम समोर ठेवला की तो बहुधा ‘हा डायनॅमिक प्रोग्रामच नाही’ असे सांगून मोकळा होतो.

सगळ्यांत फसवा संदेश ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ हा आहे. प्रोग्रामची फाईल डोळ्यांसमोर असते, ती चालवण्याची परवानगीही दिलेली असते, आणि शेल म्हणतो की अशी फाईलच नाही. वास्तविक जो नाही, तो प्रोग्रामच्या आत नाव लिहिलेला लोडर असतो. जीलिबसीवर (डेबियनच्या नेहमीच्या सी-लायब्ररीवर) बांधलेला आर्मएचएफचा प्रोग्राम ‘/लिब/एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.3’ मागतो, बोर्डावर मसल ही सी-लायब्ररी असेल, तर तिथल्या लोडरचे नाव ‘एलडी-मसल’ने सुरू होते आणि मागितलेली फाईल तिथे नसते. या संदेशाचे शब्दशः भाषांतर कृपया करू नये. ‘प्रोग्राम आहे, पण त्याने मागितलेला लोडर या बोर्डावर नाही’ असे लिहावे, त्याखाली लोडरचे नाव दाखवणारी ‘रीडएल्फ -एल’ ही आज्ञा द्यावी आणि बोर्डावरच्या सी-लायब्ररीला जुळणारा टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच) घेऊन प्रोग्राम पुन्हा बांधावा, असे सांगावे.