ती बरणी फेकायला नको होती

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९३ टक्के होते. मेडिकलचा आग्रह आम्ही कधीच धरला नाही. जैवइंधन हे येणाऱ्या काळाचं क्षेत्र आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून तिने शेवाळापासून डिझेल तयार करणारी शास्त्रज्ञ व्हायचं असं आम्ही ठरवलं आहे. पुढच्या बारा वर्षांचा आराखडा सोबत जोडतो : बायोफ्युएल विषयातच पदवी, परदेशात पीएच.डी., पंचविसाव्या वर्षी पेटंट, तिशीच्या आत स्वतःची कंपनी. अडचण एवढीच की ती मनावर घेत नाही. मायक्रोस्कोप आणून दिला तर तासन्‌तास नुसती बघत बसते. गेल्या महिन्यात प्रोजेक्टसाठी बरणीत शेवाळ वाढवलं होतं, ते मेलं, पाणी तपकिरी झालं. सबमिशन तोंडावर आलं होतं, म्हणून मी ते फेकून दिलं आणि तयार कल्चर आणून दिलं. तर दोन दिवस बोलली नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून रुसणाऱ्या मुलीला संशोधनातली स्पर्धा झेपेल का? गणित अकरावीलाच सोडलं आहे, ते बायोलॉजीवाल्यांना लागत नाहीच ना?
— एक वडील

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या बरणीपाशीच अडकले. आराखड्याकडे नंतर येऊ.

हिरवं पाणी तपकिरी का होतं, याची कितीतरी कारणं असतात. पाण्यातलं नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपलेलं असतं. कधी वाढ इतकी दाट होते की वरचा थर सगळा उजेड अडवतो आणि खालच्या पेशी अंधारात जातात. बरणी उन्हात तापली तरी तेच. नाहीतर पाण्यात रोटिफर शिरतात. हे जेमतेम ठिपक्याएवढे प्राणी. तोंडाभोवतीचे केस गरागरा फिरवून पाण्यात भोवरा करतात आणि त्यात ओढल्या गेलेल्या शेवाळाच्या पेशी गिळतात. पुरेसे झाले की थोड्या दिवसांत बरणी साफ. किंवा काहीच मेलेलं नसतं, हिरव्या शेवाळाची जागा डायाटम या सोनेरी तपकिरी सूक्ष्म शेवाळाने घेतलेली असते. तुमच्या बरणीत यातलं काय झालं होतं, हे कळायला काचपट्टीवर घेतलेला एक थेंब पुरला असता. मायक्रोस्कोप घरात होता, बघणारी घरात होती, आणि बघायची गोष्ट तुम्ही ओतून दिलीत.

ती रुसली नव्हती हो. तिचा प्रश्न तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलात आणि बदल्यात विकतचं उत्तर दिलंत. तयार कल्चर हिरवंगार असणारच, त्यात तिने शोधायचं काय?

हे ताणून धरते आहे, कारण या क्षेत्रात माणसांची वर्षंच्या वर्षं नेमकी याच तपकिरी पाण्यात जातात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळापासून इंधन मिळवण्याचा मोठा कार्यक्रम चालवला. तीन हजारांवर वाण गोळा केले, चाळून चाळून त्यातले सुमारे ३०० ठेवले. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला उघडे तलाव बांधले. पण प्रयोगशाळेतल्या बाटलीत उत्तम वागणारे वाण उघड्यावर टिकेनात, तलाव त्या भागातल्या रानटी शेवाळाने बळकावले, आणि थंडीने वाढ खुंटवली ती वेगळीच. तुमच्या बरणीत जसं काहीतरी बिघडलं, तसंच तिथे मोठ्या प्रमाणावर बिघडलं. फरक एवढाच की त्यांनी सगळं नोंदवून ठेवलं, आणि आजही शेवाळावर काम सुरू करणारा माणूस आधी त्या नोंदींकडे जातो.

तुमच्यासारखेच एक वडील १८५६ साली फ्रान्समधल्या लीलमध्ये आपल्या मुलाच्या प्राध्यापकांकडे गेले होते. त्यांचा बिटापासून अल्कोहोल काढायचा कारखाना होता आणि पिंपं नासत होती. प्राध्यापकांचं नाव लुई पाश्चर. त्यांनी चांगल्या आणि नासलेल्या दोन्ही पिंपांतला द्रव मायक्रोस्कोपखाली पाहिला. चांगल्यात यीस्टचे गोलसर दाणे होते, नासलेल्यात बारीक काड्या. त्या काड्या म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. आंबवण्याच्या क्रियेमागे जिवंत सूक्ष्मजीव असतात, हे पाश्चर यांनी पुढे ज्या कामातून दाखवलं त्याची सुरुवात तिथली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू कुजत होते, तेव्हाही कोणीतरी ते कुजकं कापड तपासायला पाठवलं. त्यावर सापडलेल्या बुरशीला पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसाय म्हणू लागले. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, आणि पिकाचा पेंढाही बराचसा सेल्युलोजच. तंबू खाणाऱ्या या बुरशीची एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, पेंढ्यातून साखर मोकळी करतात आणि त्या साखरेचं यीस्ट इथेनॉल करतं. जैवइंधनाचा एक अख्खा रस्ता कुजलेल्या तंबूतून निघाला आहे.

आता तुमचा गैरसमज. शेवाळाचं डिझेल येणार हे नक्की, फक्त कोणीतरी हुशार मुलाने ते पूर्ण करायचं बाकी आहे, असं तुमचं पत्र धरून चालतं. वस्तुस्थिती अशी नाही. शेवाळाच्या पेशीला भरपूर खायला मिळालं की ती विभागत राहते, संख्या वाढते, पण तेल फारसं साठवत नाही. तिचं नायट्रोजन तोडलं की ती उपाशी पडते आणि मग तेल साठवू लागते, पण त्याच वेळी वाढ मंदावते. म्हणजे भरपूर शेवाळ हवं तर तेल कमी, आणि भरपूर तेल हवं तर शेवाळ कमी. ही गाठ आजवर पुरती सुटलेली नाही. त्यात उघड्या तलावात एका लिटर पाण्यात कोरडं शेवाळ साधारण अर्धा ग्रॅम असतं. अर्धा किलो शेवाळासाठी हजार लिटर पाणी बाजूला काढायचं, आणि ते काढायलाही ऊर्जा लागते. एक्सॉनमोबिलसारख्या तेल कंपनीने २००९ साली या कामासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याची घोषणा केली आणि २०२३ च्या सुरुवातीला ती त्यातून बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा तुमची मुलगी तिशीच्या आत कंपनी काढून हे करील, असं तारीख घालून लिहिणं तिच्यावर अन्याय आहे. उद्या नाही जमलं तर ती स्वतःला नापास समजेल, आणि तो दोष तिचा नसेल.

सूक्ष्मजीवांपासून इंधन होतच नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. पेंढ्यापासून इथेनॉल होतं, शेण आणि ओल्या कचऱ्यापासून मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव रोज राबतात, आणि चीनमध्ये २०१८ पासून पोलाद कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड खाऊन क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू इथेनॉल देत आहेत. शेवाळही वाया गेलेलं नाही. लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत घालतात ते ओमेगा-३ तेल सूक्ष्म शेवाळातून मिळतं, सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस काढून घ्यायलाही शेवाळ वापरतात. ज्याला शेवाळ जिवंत ठेवता येतं, ते का मेलं हे शोधता येतं, त्याला इंधनाचा पैसा आटला तरी काम मिळतं. ज्याने फक्त ‘बायोफ्युएल’ एवढा शब्द धरून शिक्षण घेतलं, त्याची अडचण होते.

म्हणून पदवी बायोफ्युएलची नको. मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी, यातलं जे तिला आवडेल ते. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रान्सिस आर्नल्ड यांनी १९७९ मध्ये मेकॅनिकल आणि एअरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि सौर ऊर्जेवर काम सुरू केलं. केमिकल इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.ला गेल्या तेव्हा जैवइंधनाकडे ओढा होता, पण सरकारचं धोरण बदललं, त्या संशोधनाचा पैसा आटला, आणि त्या एन्झाइमांकडे वळल्या. प्रयोगशाळेत एन्झाइमांची उत्क्रांती घडवण्याच्या त्याच कामासाठी २०१८ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मधल्या काळात २००५ मध्ये जैवइंधनाची एक कंपनी काढण्यातही त्यांचा सहभाग होता. बारावीत असताना हा प्रवास कोणी कागदावर मांडू शकलं असतं का? तुमच्या आराखड्यात प्रत्येक टप्प्याला वर्ष आहे, पण ‘तिला दुसरंच काही आवडलं तर’ याला एक ओळही नाही.

पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी द्यायच्या परीक्षांची नावं तुम्ही आराखड्यात लिहिलीच आहेत, जॅम, गॅट-बी, नेट, गेट. त्या वेळेवर द्यायच्या, एवढंच. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरत्या नेमणुकीचं संशोधन. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटते. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी घरी ‘अजून किती शिकणार’ हा प्रश्न येत नाही.

गणिताचं मात्र ऐका. गणित सोडायला नको होतं, आणि आता पदवीला ते परत धरायचं. रोज दुप्पट होणारं शेवाळ दहा दिवसांत हजारपट होतं, आणि अकराव्या दिवशी ते दुप्पट का झालं नाही हे समजायला लॉगरिदम लागतो. टाकीत किती कार्बन गेला, किती पेशींत उतरला, किती हवेत उडाला याचा हिशोब करता आला नाही, तर माणूस दुसऱ्याच्या प्रयोगात बाटल्या धुण्यापलीकडे जात नाही. रसायनशास्त्राचंही तसंच.

झेपेल का, असं तुम्ही विचारलंत. या कामाचा दिवस कसा जातो ते सांगते. माध्यम, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायचं पोषक मिश्रण, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवायचं, थंड करायचं, तारेचं लूप ज्योतीत लाल करून प्लेटवर रेघा ओढायच्या आणि वाट पाहायची. शेवाळाची शुद्ध वसाहत मिळायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि मिळाली असं वाटतं तेव्हा कडेला जिवाणूंचा पांढरट डाग दिसतो. मग परत पहिल्यापासून. इथे स्पर्धेत पुढे पळणाऱ्यापेक्षा तासन्‌तास नुसतं बघत बसणारा माणूस टिकतो. ज्याची तुम्ही तक्रार केलीत, तेच तिचं भांडवल आहे. चार पानांत तुम्ही तिच्याबद्दल सगळं लिहिलंत, पण ती काय म्हणाली असं एकही वाक्य त्यात नाही. मला ते वाक्य हवं आहे.

तेव्हा तो आराखडा कपाटात ठेवा, आणि बरणी फेकली ते चुकलं असं तिला स्वतःहून सांगा. प्रोजेक्टमध्ये तयार कल्चर दाखवलं असेल, तर पहिलं का मेलं असावं याचं एक पान तिला जोडू द्या. मार्क कमी झाले तर होऊ देत.

पुढचं तिच्यासाठी आहे, तिलाच वाचू द्या.

बाळ, परत शेवाळ लाव, पण या वेळी तीन बाटल्यांत. एक खिडकीत, एक सावलीत, आणि तिसरी खिडकीतच पण तोंडाला स्वच्छ कापूस लावून. पहिल्या दिवशीच तिन्हींतला एकेक थेंब पाहून ठेव, म्हणजे आधीपासून काय होतं आणि नंतर काय आलं ते ओळखता येईल. मग रोज ठरल्या वेळी हलवायची आणि पाण्याचा रंग वहीत तारखेसह लिहायचा. दर तीन दिवसांनी प्रत्येकीतला एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहून दिसेल तसं चित्र काढ, पुस्तकातल्यासारखं नको. एखादं पाणी तपकिरी झालं तर त्या दिवशी दोनदा बघ. आणि काय दिसलं ते मला कळव. पत्र तू लिही.